कात्रणांची उलट बाजू

अण्णांच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, संपलेल्या पासबुकांच्या गठ्ठ्याखाली, एक दोनशे पानी वही आहे. खाकी कव्हर, त्यावर लेबल, लेबलवर जांभळट पडलेल्या शाईत फक्त ‘चंद्र’. आईच्या मते ही वही म्हणजे कसरीचं माहेर. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती वही रद्दीत काढते आणि संध्याकाळपर्यंत वही गुपचूप आपल्या जागी गेलेली असते. या विषयावर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

वहीत वर्तमानपत्रांतली कात्रणं आहेत, कणकेच्या खळीने चिकटवलेली. पहिलं कात्रण डिसेंबर १९६८चं. अण्णा तेव्हा बार्शीत दहावीला होते. अपोलो ८मधून बोरमन, लोव्हेल आणि अँडर्स हे तिघे चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून आले, उतरले नाहीत. तिथून वही सुरू होते.

एकदा दुपारी करायला काही नव्हतं म्हणून मी पानं मोजली. अपोलो ८ला सहा पानं. ९ आणि १०ला मिळून दोन. ११ला चोवीस. १२ला तीन. १३ला अकरा. १४ला एक. १५चा नुसता एक फोटो, चंद्रावर चालवलेल्या मोटारीचा. १६चं काहीच नाही. आणि डिसेंबर १९७२च्या अपोलो १७ची, चंद्रावरच्या शेवटच्या माणसांची, दोन बोटं उंचीची बातमी. तीही चिकटवलेली नाही, नुसती घडी घालून सरकवलेली. त्यापुढे कोरी पानं. चांद्रमोहिमांबद्दलची लोकांची हौस कशी चढली आणि कशी ओसरली, याचा इतका प्रामाणिक हिशेब मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

अपोलो ११च्या चोवीस पानांमागे बरीच पायपीट आहे. पुण्याचा पेपर तेव्हा कुर्डुवाडीहून छोट्या गाडीने बार्शीला यायचा. बार्शी लाइट. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, चढाला गाडी दमली की पोरं उतरून बरोबर चालायची म्हणे. एकशे दहा मीटर उंचीचं सॅटर्न-५ रॉकेट फ्लोरिडातून उडाल्याची बातमी या गाडीत बसून डुलत डुलत आली. अण्णा स्टेशनवर हजर. घरी पेपर येत नसे. ज्यांच्याकडे यायचा त्यांचा तो वाचून झाला की मागून घ्यायचा, असा करार होता. बदल्यात त्यांच्या धाकट्याला गणित शिकवायचं.

रेडिओ होता तो चौकातल्या कापडाच्या दुकानात. रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे, तेव्हा तो काही घरोघरी नव्हता. यान चंद्रावर टेकलं ते आपल्या घड्याळात २१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर पावणेदोनला, आणि आर्मस्ट्राँगचा पाय लागला तो सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. सोमवार होता. दुकान उघडायच्या आधीच फळीवर दहा-बारा जण बसले होते. व्हॉइस ऑफ अमेरिकेची इंग्रजी कॉमेंट्री, त्यात खरखर, त्यात अमेरिकन उच्चार. “रुपयातलं दोन आणे कळत होतं,” अण्णा सांगतात. “पण मध्येच ते गप्प व्हायचे ना, ते सगळ्यांना कळायचं.”

तिकडे जगात साठ कोटी लोक टीव्हीला डोळे लावून बसले होते. आपल्याकडे टीव्ही होता तो फक्त दिल्लीत, मुंबईचं केंद्र सुरू झालं १९७२च्या ऑक्टोबरात. म्हणजे महाराष्ट्राने माणूस चंद्रावर उतरताना पाहिलाच नाही, कानांनी ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वाचला. शिवाय त्या घडीला चंद्र आपल्या आकाशात नव्हताही. शुद्ध पक्षातला, दुपारच्या सुमाराला उगवणारा. फळीवरच्या एकाने सवयीने वर मान करून पाहिलं आणि मग सगळ्यांनीच पाहिलं, असं अण्णा सांगतात. वर नुसते आषाढातले ढग.

आषाढी चार-पाच दिवसांवर आली होती. गावातली निम्मी कर्ती माणसं पंढरपूरच्या वाटेला लागलेली. अण्णा पळत घरी आले आणि चुलीपुढे बसलेल्या आजीला म्हणाले, “आई, माणूस चंद्रावर उतरला.”

“बरं,” आजी म्हणाली. “तिकडं पाऊस हाय का?”

“तिथं हवाच नाही, तर पाऊस कुठला?”

“मग कशाला गेल्यात?”

हा संवाद आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की तो आता आपोआप होतो. मी लहान असताना मला तो विनोद वाटायचा. अडाणी म्हातारी आणि तिला चंद्र समजावणारा मॅट्रिकचा पोरगा. पण जुलैची एकवीस तारीख, पेरणी होऊन गेलेली आणि नुसते कोरडे ढग, अशा वेळी दुसरा कुठला प्रश्न विचारायला हवा होता, हे मला अजून सुचलेलं नाही. तिने पुढे मरेपर्यंत संकष्टी केली. आर्मस्ट्राँगने तिथे पाय ठेवला म्हणून चंद्रोदयाची वेळ पाहायचं तिला काही अडलं नाही.

मुंबईच्या मामांचं एक पत्रही वहीत आहे. ऑक्टोबर १९६९मध्ये अपोलो ११चे तिघे चांद्रवीर जगाच्या दौऱ्यावर होते, त्यात मुंबईलाही आले. मामा गिरणीत होते. पाळी संपवून थेट रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. पत्रात लिहितात की गर्दी अलोट होती, मोटार दिसली, मोटारीतून हलणारा एक हात दिसला, तो तिघांपैकी कोणाचा ते सांगता येत नाही. खाली ताजा कलम: साखर मिळते का कळवणे.

खळीचं आयुष्य पन्नास वर्षं नसतं. गेल्या काही पावसाळ्यांत वहीतली कात्रणं एकेक करून सुटायला लागली आणि मला त्यांच्या पाठी दिसल्या. हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की प्रत्येक कात्रणाला उलट बाजू असते आणि ती इतकी वर्षं वहीच्या पानाकडे तोंड करून पडलेली आहे. चांद्रयानाच्या एका आकृतीमागे शेंगदाणा तेलाचे भाव निघाले. आल्ड्रिनच्या फोटोमागे सिनेमाची अर्धी जाहिरात. आणि अपोलो चंद्राच्या कक्षेत पोचल्याच्या बातमीमागे, कात्रीने उभा कापलेला, अर्धाच उरलेला मथळा: चौदा बँकांचे राष्ट्रीयी.

१९ जुलैच्या रात्री इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून ती घोषणा केली होती. म्हणजे त्या शनिवार-रविवारी बार्शीच्या चौकात चंद्र एकटा नव्हताच, बँकाही होत्या. (त्याच इंदिराबाईंचा एक संदेश अपोलो ११बरोबर चंद्रावर गेलाय. दीड इंच रुंदीच्या सिलिकॉनच्या चकतीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे शुभसंदेश बारीक कोरून ती तिथेच ठेवून आले. ती अजून तिथे असेल.) अण्णांनी चंद्राची बाजू वर ठेवून दुसरी खळीने बंद केली. पाच वर्षांनी ते एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले, खेड्यातल्या नव्या शाखेत, आणि अडतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. आमचं घर, माझं शिक्षण, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या कात्रणाच्या पाठीतून निघालं. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून अर्धा मथळा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “तेव्हा कुणाला ठाऊक!”

आता उतरणीकडे. अपोलो ११नंतर चारच महिन्यांनी अपोलो १२ गेलं. या वेळी रंगीत टीव्ही कॅमेरा नेला होता. अॅलन बीनकडून तो हलवताना सूर्याकडे वळला आणि जळाला. झालं, अमेरिकेतल्या घराघरांत नुसता आवाज. दोन माणसं चंद्रावर चालतायत आणि लोक चॅनल बदलतायत. चंद्रावर उतरलेला तिसरा माणूस कोण, हा प्रश्न मी लग्नसमारंभांत विचारून पाहिलाय, वेळ घालवायला. पीट कॉनरॅड हे उत्तर मला आजवर अण्णांशिवाय कोणी दिलेलं नाही.

आणि मग अपोलो १३. एप्रिल १९७०पर्यंत चंद्रावर जाणं इतकं शिळं झालं होतं की यानातून त्या तिघांनी केलेलं प्रक्षेपण अमेरिकेतल्या एकाही मोठ्या वाहिनीने दाखवलं नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या घरच्या मंडळींनी तेवढं पाहिलं. ते संपून काही मिनिटं होतात न होतात तोच ऑक्सिजनची टाकी फुटली. आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ. आणि मग सगळं जग परत आलं. जी वाहिनी काल दाखवत नव्हती तिची माणसं त्या तिघांपैकी लोव्हेलच्या घराबाहेर अंगणात ठाण मांडून बसली. अण्णांची मॅट्रिकची परीक्षा आटपली होती. चार दिवस ते दोन्ही वेळच्या गाडीला स्टेशनवर गेले. हवा शुद्ध करायची चौकोनी डब्यातली गाळणी गोल भोकाला बसवायची, तीही पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी वापरून, ही बातमी त्यांनी दोन वेगवेगळ्या पेपरांतून कापून शेजारी शेजारी लावलीय. तिघे जिवंत परतले ते पान वहीतलं एकमेव पान आहे ज्याला लाल पेन्सिलची चौकट आहे.

अकरा पानं त्याची. मला ही अकरा पानं जरा खुपतात. सगळं सुरळीत चाललेलं असताना तीन पानं, आणि माणसं मरतील की काय असं झालं तेव्हा अकरा. चंद्राशी आपलं काही देणंघेणं नसतंच बहुधा. घरून गेलेलं माणूस परत येईल की नाही, एवढ्यासाठी आपण जागतो. २०१९मध्ये चांद्रयान-२ उतरता उतरता गप्प झालं नसतं, तर २०२३ला चांद्रयान-३ पाहायला एवढे लोक बसले असते का, याची मला शंका आहे.

१४ ते १७ची पानं एवढी कमी का, हे मी अण्णांना एकदा जरा टोचूनच विचारलं. म्हटलं, कंटाळलात ना तुम्हीपण? अमेरिकेतल्यांसारखे? ते चिडले नाहीत. म्हणाले, “अगं, बाहत्तर साल होतं.”

मराठी घरात बाहत्तर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तरी सांगते. सलग पाऊस गेलेला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत किंवा बाजारात. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापली की फुटायची आणि खाल्ली की घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे. लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. अण्णांचं कॉलेज अर्धवट सुटलं आणि ते एका रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला लागले. सकाळी नावं पुकारायची, संध्याकाळी ढिगाला फूटपट्टी लावून ब्रास काढायचे. बायांच्या हाताला कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. लहान पोरं ढिगाच्या सावलीत निजवलेली.

त्याच डिसेंबरात चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो नावाच्या दरीत अपोलो १७चे सर्नन आणि श्मिट हातात लांब दांड्याचे चिमटे घेऊन दगड वेचत होते. श्मिट हा चंद्रावर गेलेला एकुलता एक भूवैज्ञानिक, त्यामुळे तो दगड ओळखून उचलत होता. एकशे दहा किलो आणले त्यांनी. सहाही मोहिमांतले मिळून ३८२ किलो. “आमच्याकडेपण दगडच चालले होते,” अण्णा म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. ती दोन बोटांची बातमी त्यांना कामावर, भाकरी बांधून आलेल्या कागदात सापडली होती. म्हणून तिला तेलाचा डाग आहे. चिकटवायला खळ कुठून आणणार? घरात कणीक नव्हती.

हे ऐकल्यापासून ‘लोकांचा रस संपला’ हे वाक्य मला लिहायला जड जातं. रस आटायला विहीर तर भरलेली हवी. आणि खुद्द अमेरिकेतही तो कधी फार भरलेला होता असं नाही. त्या दशकातल्या तिथल्या जनमत चाचण्या पाहिल्या तर बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त लोकांना या खर्चाचं प्रयोजन पटत नव्हतं, १९६९च्या जुलैच्या आगेमागे तेवढं पारडं फिरलं. १९६६मध्ये नासाचा खर्च केंद्राच्या एकूण खर्चाच्या चार टक्क्यांवर गेला होता, आज तो अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केनेडी अवकाश केंद्राच्या दारात गेले. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही दाबणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले, आणि त्यातल्या काही कुटुंबांना उड्डाण पाहायला पाहुण्यांच्या जागेत बसवलं. आजीचा प्रश्न तिथेही पोचला होता म्हणायचा, फक्त इंग्रजीत.

एक गोष्ट मात्र वहीत नाही आणि ती असायला हवी होती. अपोलोने आणलेल्या त्या दगडमातीतले काही कण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी त्यांत वैश्विक किरणांनी उमटवलेल्या सूक्ष्म रेघा तपासत होते. त्यांतल्या एकांचं आडनाव ताम्हणे. लोकांनी चंद्राकडे पाठ फिरवली त्या वर्षांत कुलाब्याला कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलं होतं. याचं कात्रण होत नाही.

बार्शीला चंद्र पुन्हा आला तो जुलै १९७९मध्ये, भीती होऊन. स्कायलॅब पडणार! ती स्कायलॅब म्हणजे सॅटर्न रॉकेटच्या एका टप्प्याचा सांगाडा वापरून केलेलं अवकाशस्थानक, चांद्रमोहिमा आवरल्यावर उरलेल्या सामानातून उभं केलेलं. आमच्या गल्लीत मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून लोकांनी कोंबड्या कापल्या. मी वर्षाची होते. आईने मला माळवदाच्या खोलीत न ठेवता बाहेर निंबाच्या झाडाखाली निजवलं, कारण वरून काही पडलं तर माळवद कोसळेल. निंब काय अडवणार होता, हे तिला आजही विचारायची सोय नाही. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात.

आता माझं. २३ ऑगस्ट २०२३ला मी पुण्याहून बार्शीच्या एसटीत होते. हडपसरला गाडी अडकलेली. सहा वाजायला आले तसे सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले, ज्याच्याकडे रेंज त्याच्या सीटवर तीन डोकी. इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर तेव्हा एकाच वेळी ऐंशी लाखांहून जास्त लोक होते. पण गंमत अशी की कोणाचंही चित्र एकाच वेळी पुढे सरकत नव्हतं. ६ वाजून ४ मिनिटांनी आधी मागच्या लांब सीटवरची पोरं ओरडली. आमच्या मोबाइलवर चांद्रयान-३चा विक्रम लँडर अजून वरच होता. मग मधल्या रांगेत ओरडा झाला. मग आमच्याकडे. माझ्या शेजारच्या मावशी दोन आरोळ्या ऐकूनही पदर दातात धरून बसल्या होत्या, “आपलं कुठं उतरलंय अजून” म्हणत. सगळ्यात शेवटी ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, “उतरलं का?” आणि अख्खी गाडी एका आवाजात हो म्हणाली. त्यात माणूस नव्हता, तरीही.

माणसं जाणार आहेत ती आता. हे लिहितेय ते २०२५च्या कोजागिरीनंतरच्या आठवड्यात. रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कॉक आणि कॅनडाचा जेरेमी हॅन्सन, आर्टेमिस २मधून हे चौघे चंद्राला वळसा घालून दहा दिवसांत परतणार. उतरणार नाहीत. ती मोहीम आधी २०२४ला होती, मग २०२५ला, मग २०२६च्या एप्रिलला ढकलली. गेल्या महिन्यात सांगितलं की जमलं तर फेब्रुवारीतही. चंद्राकडे जाणारी पहिली बाई, पहिला कृष्णवर्णीय, पहिला बिगर-अमेरिकन. माझ्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “परत? आधी जाऊन आले होते ना?” त्याला रॉकेटचा मनोरा येऊन टेकणाऱ्या बूस्टरला हातांनी पकडतो ते माहीत आहे, फुटलेल्या रॉकेटांच्या क्लिपा तोंडपाठ आहेत. चंद्राला नुसता वळसा, हे त्याच्या दृष्टीने बार्शी लाइट.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अण्णांचा फोन आला. ते सकाळी फोन करत नाहीत, त्यामुळे माझ्या पोटात गोळा. “लोव्हेल गेला,” म्हणाले. सत्त्याण्णव वर्षांचा होता. दोनदा चंद्रापर्यंत गेला आणि एकदाही उतरला नाही. चंद्रावर चाललेल्या बारांपैकी आता चारच उरलेत, हेही त्यांनी सांगितलं, आल्ड्रिन, स्कॉट, ड्यूक, श्मिट, अशी नावं घेऊन, भावकीतल्यांची घ्यावीत तशी.

सप्टेंबरअखेर सीनेला पूर आला. आमच्या चुलत्यांचं शेत नदीकाठी. पीक गेलं ते गेलंच, वरची मातीही खरडून नेली, खाली नुसता मुरूम. मी कोजागिरीला घरी गेले तेव्हा अण्णा नुकतेच तिकडून आलेले. आटीव दूध केलं होतं, पण गच्चीवर कोणी गेलं नाही, स्वयंपाकघरातच प्यालो.

रात्री त्यांनी वही काढली. पेपरातून कापलेला एक चौकोन त्यांच्या चष्म्याच्या डबीत होता. आर्टेमिसची बातमी, चौघांचा नारिंगी कपड्यांतला छोटा फोटो. त्रेपन्न वर्षांनी वहीला नवं कात्रण. मी फेव्हिस्टिक आणायला उठले. त्यांनी कात्रण उलटं करून पाहिलं. मागे पुराच्या बातमीची अर्धी तिरकी ओळ होती, एका गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आणि ‘हेक्टर’.

“चिकटवू नको,” अण्णा म्हणाले. “क्लिप असली तर बघ.”

ड्रॉवरमध्ये बँकेच्या काळातली, गंजलेली एक सापडली.